‘आमचं’ म्हणजे कुणाचं? : हार्नेसच्या फॅशनवर लिहिताना झालेली एक चूक

मागच्या महिन्यात दुसऱ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा गाईडना दिला होता. चाळीस पानं. आठवड्याने परत आला तेव्हा एका वाक्याखाली लाल रेघ होती आणि समासात मॅडमनी दोनच शब्द लिहिले होते : ‘आमचं? कुणाचं?’

वाक्य असं होतं : ‘फॅशन उद्योगाने आमचं चिन्ह उचललं आणि त्यातला अर्थ काढून टाकला.’ खरं सांगायचं तर त्या पानावरचं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य तेच होतं. मॅडम म्हणाल्या, ‘विधान चुकलंय असं मी म्हणत नाहीये. तपासलेलं नाहीये एवढंच म्हणतेय.’ पेटची तयारी करणाऱ्या आणि सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या तुमच्यापैकी अनेकांच्या मसुद्यात असं एखादं वाक्य असणारच. म्हणून हे लिहितोय.

आधी वस्तू काय आहे ते बघू. हार्नेस म्हणजे दोन्ही खांद्यांवरून छातीवर उतरणारे आणि मधे बहुधा एका धातूच्या कडीला येऊन मिळणारे चामड्याचे पट्टे. पाठीवर पुन्हा तशीच जोडणी, बक्कल किंवा टिचबटणं. घोड्याच्या अशा सरंजामाला आपण मराठीत साज म्हणतो, आणि गळ्यात घालायच्या कोल्हापुरी दागिन्यालाही साजच म्हणतो. जुंपणं आणि नटणं, दोन्ही एका शब्दात बसलंय. माझ्या अख्ख्या प्रकरणाला याहून नेमकं शीर्षक मिळणार नाही. विद्यापीठाच्या फॉर्मवर ते चालेल का, हा वेगळा प्रश्न.

आता ज्या कपड्यांवरून हा विषय गाजला ते कपडे. मार्च २०१८मध्ये अमेरिकेचा फिगर स्केटर अ‍ॅडम रिपन ऑस्करला आला तो मॉस्किनोसाठी जेरेमी स्कॉटने केलेल्या टक्सिडोत, आणि त्यासोबत काळ्या चामड्याचा हार्नेस. रिपन उघडपणे गे आहे, आणि नुकतंच हिवाळी ऑलिंपिकमध्ये सांघिक कांस्यपदक घेऊन आला होता. जानेवारी २०१९मध्ये गोल्डन ग्लोब्जला टिमथी शालामे आला. काळा शर्ट, त्यावर काळ्या चमचमत्या भरतकामाचा हार्नेस. लुई व्हितॉंचा, व्हर्जिल अ‍ॅब्लोने केलेला. त्याच महिन्याच्या अखेरीस सॅग पुरस्कारांना मायकल बी. जॉर्डनच्या गडद सुटावर अ‍ॅब्लोचाच फुलाफुलांचा हार्नेस होता. मग लेखांचा पाऊस पडला. बहुतेकांचा सांगाडा एकच : मोटरसायकलवाले, मग गे लेदर बार, मग टॉम ऑफ फिनलंडची चित्रं, मग व्हर्साची, मग शालामे. पाच ठिपके आणि त्यांना जोडणारे चार बाण. माझा मसुदाही त्याच बाणांवर उभा होता, फक्त माझ्याकडे तळटीपा जास्त होत्या.

कपडे म्हणून या तिघांबद्दल माझं मत विचाराल तर रिपनचा सगळ्यात प्रामाणिक. आपण काय घातलंय हे घालणाऱ्याला माहीत आहे, बघणाऱ्यांतल्या निम्म्यांना माहीत आहे, आणि उरलेल्या निम्म्यांना कळत नाहीये याची मजा दोघंही घेतायत. दिसायला सर्वांत देखणा जॉर्डनचा. फुलांमुळे तो जवळजवळ जाकिटाचा भागच होऊन जातो. अभ्यासाला मात्र शालामेचाच घ्यावा. कारण त्याचं नाव. व्हितॉंच्या मंडळींनी त्याला हार्नेस म्हटलंच नव्हतं, ‘बिब’ म्हटलं होतं. बिब म्हणजे लहान बाळाला भरवताना गळ्यात बांधतात ते लाळेरं! शालामेने नंतर टीव्हीवर सांगितलंही, की आपल्याला तो बिब आहे असंच वाटत होतं, हार्नेसचा लैंगिक संदर्भ मित्राकडून कळला. लोक हसले, मीही हसलो. पण संशोधनाच्या दृष्टीने नाव बदलणं हा मोठा पुरावा असतो. वस्तूला एका दारातून दुसऱ्या दारात नेताना कुणीतरी लेबल बदललं, म्हणजे जुन्या लेबलात काहीतरी जड होतं. ते जड काय होतं, हे विचारण्याऐवजी मी ‘चोरलं’ असं लिहून मोकळा झालो होतो.

आता बाण.

पहिला बाण मोटरसायकलवरून लेदर बारपर्यंत. याला भरपूर आधार आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेली तरुण मुलं, त्यांचे मोटरसायकल क्लब, १९५३चा मार्लन ब्रँडोचा ‘द वाइल्ड वन’, आणि १९५४मध्ये लॉस एंजेलिसमध्ये निघालेला सॅटर्स हा गे मोटरसायकल क्लब. त्या दशकाच्या अखेरीपासून शिकागोत चक रेन्स्लोचा गोल्ड कोस्ट बार. इथपर्यंत ठीक. पण बारकाईने बघा : या लोकांनी तरी हे कपडे कुठून आणले? जाकीट मोटरसायकलवाल्याचं, टोपी नि बूट पोलिसांचे आणि सैन्याचे, पट्टे घोड्याच्या पागेतले. शिवाय ब्रँडो हा खरा मोटरसायकलवाला नव्हता, तो पडद्यावरचा नट होता. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतोय ते स्वतःच उसनवारीवर उभं आहे, आणि त्यातली काही उसनवारी सरळ सिनेमातून आलेली. ज्या पोलिसांनी बारवर धाडी घालायच्या त्यांचीच टोपी घालून त्याच बारमध्ये उभं राहायचं, यात वेगळाच अर्थ तयार होतो. त्यामुळे ‘उचललं’ हे क्रियापद वापरायचं तर ते दोन्हीकडे वापरावं लागेल.

दुसरा बाण टॉम ऑफ फिनलंडचा, आणि इथे माझी फजितीच झाली. खरं नाव टौको लाक्सोनेन, जन्म १९२०, मृत्यू १९९१. फिनलंडच्या सैन्यात युद्ध बघितलेला, पुढे जाहिरात क्षेत्रात काम केलेला माणूस. मी लिहिलं होतं, ‘टॉमने लेदर संस्कृती चित्रित केली.’ आता तारखा बघा. त्याची चित्रं अमेरिकेत पहिल्यांदा छापली गेली १९५७मध्ये, बॉब मायझरच्या ‘फिजिक पिक्टोरियल’मध्ये, आणि मुखपृष्ठावर होते नदीतून ओंडके वाहून नेणारे कामगार. लेदरवाले पुढे त्याच्या चित्रांत वाढत गेले. मग लोक त्या चित्रांसारखे कपडे शिवून घ्यायला लागले, त्या कपड्यांतली माणसं बघून तो आणखी चित्रं काढायला लागला. कोण कुणाचं चित्रण करतंय? बाण दोन्ही बाजूंनी आहे. बाकी त्याने गणवेशाच्या आकर्षणापोटी सुरुवातीला काही नाझी गणवेशधारीही काढले होते आणि नंतर ती चित्रं नाकारली. ‘आमचं चिन्ह’ असं छातीठोक लिहिताना हाही वारसा पदरात घ्यावा लागतो. पहिल्या मसुद्यात मी तो वगळला होता. विसरलो नव्हतो, वगळला होता.

इथे डिक हेब्डिजचं नाव येणं भागच आहे. १९७९चं त्याचं ‘सबकल्चर’ तुमच्या वाचनयादीत असेलच. नसेल तर घाला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : उपसंस्कृती रोजच्या वस्तू उचलून त्यांना धारदार अर्थ देते, मग मुख्य प्रवाह दोन वाटांनी ती धार बोथट करतो. एक, त्या वस्तूचा माल करून. दोन, त्या माणसांना ‘आपल्यासारखेच’ किंवा ‘नुसते विदूषक’ ठरवून. पंकसाठी हे झकास लागू पडतं. मी ते जसंच्या तसं लेदरवर चिकटवलं. पण आधी शुद्ध संस्कृती आणि नंतर बाजार, असा क्रम लेदरमध्ये दिसतच नाही. माल करणारे पहिल्यापासून आतच होते. बारच्या आसपास कारागिरांची दुकानं, टपालाने माल मागवायची सोय, १९७५पासून निघणाऱ्या ‘ड्रमर’ मासिकातल्या जाहिराती. छोट्या गावातल्या एखाद्याला त्या जगाचा पत्ता अशा छापील पानातूनच लागायचा. तेव्हा ‘बाजाराने अर्थ काढून टाकला’ हे वाक्य अपुरं आहे. कुठला बाजार? कारागीर गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेतो, गिऱ्हाईक त्याला नावाने ओळखतं, आणि कडी नेमकी कुठे यायला हवी याची कारणं दोघांनाही ठाऊक असतात, तो एक बाजार. ज्याला कडीचं काम माहीतच नाही तो दुसरा.

कडीचं काम, हा माझ्या मते खरा मुद्दा आहे. लेदरच्या जगात हार्नेस नुसता बघायचा नव्हता. तो धरायला होता, कशालातरी अडकवायला होता, अंगावर ताण जाणवावा म्हणून होता. आणि कुणी कुणाला धरायचं हे दोघांनी आपसांत ठरवलेलं असायचं. हे सगळं दुसऱ्या माणसाकडून शिकायची गोष्ट होती. (जुन्या पिढीत फार कडक शिस्त होती, नवख्यांना रीतसर दीक्षा मिळायची वगैरे कथा सांगितल्या जातात. त्या किती खऱ्या यावर त्या लोकांतच वाद आहे. दीक्षेची कथा बाजूला ठेवा. बघून-विचारून शिकणं होतं एवढं पुरे.) शालामेच्या कपड्यात कुणी धरावं असं काहीच नाही. भरतकाम धरून ओढलं तर टिकल्या हातात येतील.

आता व्हर्साची. जियानी व्हर्साचीचा १९९२च्या शरद-हिवाळ्याचा ‘मिस एस अँड एम’ हा संग्रह. बायकांचे संध्याकाळचे झगे, त्यांवर काळे चामडी पट्टे, सोनेरी बकलं, छातीवर हार्नेस. तेव्हा प्रेक्षकांत दोन तट पडले : हा बायकांचा अपमान आहे की या बाई अशा आहेत की कुणी वाटेला जाणार नाही? २०१९च्या कपड्यांवर असं भांडण झालंच नाही, झाले ते विनोद. मला व्हर्साचीचे झगे आजही जास्त चांगले वाटतात. त्यांत चामडं चामड्यासारखं जड आहे, बकल बकलाचं काम करतं, आणि घालणारीला थोडं अवघडल्यासारखं होत असणार हे बघणाऱ्याला कळतं. भीती काढून न टाकता त्याने ती वेगळ्या अंगावर चढवली. त्याला ‘बिब’ म्हणायची कुणाची हिंमत झाली नसती.

पण १९९२ या आकड्यापाशी थांबायला हवं, कारण बाण काढताना आपण त्याच्यावरून उडी मारतो. १९८१च्या जूनमध्ये एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. खऱ्या अर्थाने प्रभावी औषधं आली १९९६च्या सुमारास. मधली पंधरा वर्षं लेदर बारमधली माणसं मरत होती. कडी कुठे आणि का, हे सांगू शकणारी माणसं. वस्तू उरली, फोटो उरले, चित्रं उरली. विचारायला माणूस उरला नाही. माझ्या जुन्या वाक्यात फॅशन उद्योगाने अर्थ ‘काढून टाकला’ होता. त्यातला बराचसा अर्थ आधीच दफन झालेला होता, ही शक्यता मी विचारात घेतली नव्हती.

ही शक्यता लगेच सिद्धांत म्हणून लिहून टाकायचा मोह होतो. इथे गेल रुबिन वाचा. ‘थिंकिंग सेक्स’ हा १९८४चा निबंध सगळे वाचतात. पण मिशिगन विद्यापीठात १९९४मध्ये तिने दिलेला प्रबंध सॅन फ्रान्सिस्कोतल्या १९६० ते १९९०च्या लेदर पुरुषांवर आहे, हे अनेकांना माहीत नसतं. मानववंशशास्त्रज्ञ बाई, स्वतः त्या वर्तुळात वावरणारी, १९७८मध्ये निघालेल्या समोइस या लेस्बियन गटाच्या संस्थापकांपैकी एक. साउथ ऑफ मार्केट भागातले लेदर बार एड्समुळे ओस पडले, अशी सर्वमान्य समजूत होती. रुबिनने महापालिकेचे पुनर्विकासाचे बेत, जमिनीचे व्यवहार, बांधकामं यांचा माग काढला आणि दाखवलं की त्या भागावर बुलडोझरचं सावट साथीच्या आधीपासून होतं. साथ आली ती त्या दबावावर. म्हणजे सर्वांत दुःखद कारण हेच एकमेव कारण असतं असं नाही. ज्या प्रबंधात लेखिकेचे स्वतःचे मित्र मेलेत त्यात हे लिहायला काय लागत असेल! माझ्या प्रकरणात ‘एड्समुळे अर्थ हरवला’ असं लिहिण्याआधी मला असंच काहीतरी कंटाळवाणं तपासावं लागणार आहे : दुकानं कधी बंद झाली, मालक कोण होते, भाडं किती होतं.

शेवटचा बाण, व्हर्साचीकडून अ‍ॅब्लोकडे. हा सगळ्यात कच्चा. अ‍ॅब्लो वास्तुशास्त्र शिकला शिकागोत, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत. लेदर अर्काइव्ह्ज अँड म्युझियम हे संग्रहालयही शिकागोतच, १९९१मध्ये स्थापन झालेलं, त्याच चक रेन्स्लोच्या पुढाकाराने. रात्री दोन वाजता मला हे दोन ठिपके दिसले आणि अंगावर काटा आला. सकाळी लक्षात आलं की एवढ्या मोठ्या शहरात दोन गोष्टी असणं याला पुरावा म्हणत नाहीत. अ‍ॅब्लोच्या पट्ट्यांचा वंश कामगारांच्या आणि सैनिकांच्या छातीवरच्या खिशांच्या बंडीकडे, रस्त्यावरच्या फॅशनकडेही जातो. शिवाय तो व्हितॉंच्या पुरुष विभागाचा पहिला कृष्णवर्णीय कलादिग्दर्शक. जॉर्डनही कृष्णवर्णीय. ‘मुख्य प्रवाहाने उपेक्षितांचं उचललं’ या वाक्यात या दोघांना मुकाट मुख्य प्रवाहाच्या बाजूला बसवताना मी क्षणभरही थांबलो नव्हतो. उलट लेदरचा जो इतिहास छापला जातो त्यात चेहरे बहुतांश गोरे. कृष्णवर्णीय आणि इतर वर्णांच्या लेदर पुरुषांनी १९९५मध्ये शिकागोत ऑनिक्स हा वेगळा क्लब काढला, तो हौस म्हणून नव्हे.

तुमच्यापैकी काहींच्या डोक्यात आत्तापर्यंत प्राडाची चप्पल आली असेल. जून २०२५मध्ये मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली तेव्हा आपण सगळेच पेटलो होतो. पण तो साचा इथे बसत नाही. कोल्हापुरीला २०१९चं भौगोलिक मानांकन आहे, ठरलेले जिल्हे आहेत, आजही चामडं कमावणारे नि शिवणारे हात आहेत; दावा कुणी करायचा हे निदान कागदावर ठरलंय. (त्या गदारोळात ‘महाराष्ट्राचा अभिमान’ जितक्या वेळा ऐकू आला तितक्या वेळा चर्मकार हा शब्द ऐकू आला का, हे स्वतंत्र पोस्टचं काम.) हार्नेसला असा जिल्हा नाही. दावा कुणी करायचा?

तर परत मॅडमच्या प्रश्नाकडे. मी गे आहे, त्यामुळे ‘आमचं’ लिहिताना हात अडखळला नाही. पण मी हार्नेस पहिल्यांदा कुठे बघितला? सप्टेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३७७चा निकाल दिला. त्यानंतर चार महिन्यांनी, साताऱ्यात, आईबाबा आतल्या खोलीत झोपलेले असताना, मोबाईलची चमक कमी करून मी शालामेचा तो फोटो बघत होतो. खाली कुणीतरी लिहिलं होतं की हा बिब नाही. तिथून शोधत शोधत पहाटेपर्यंत मी टॉमपर्यंत, गोल्ड कोस्टपर्यंत, आणि मेलेल्या माणसांच्या नावांपर्यंत पोचलो. ज्या बोथट केलेल्या मालाला मी प्रकरणात शिव्या घातल्या, तोच मला तिथवर घेऊन गेला होता. लेदर बारमधला कुणी वडीलधारा मला भेटला नव्हता आणि भेटणारही नव्हता.

हे नवीनही नाही. जून १९६४मध्ये ‘लाइफ’ मासिकाने अमेरिकेतल्या समलैंगिकांवर मोठा लेख छापला. सूर काळजीचा आणि नापसंतीचा. सुरुवातीलाच सॅन फ्रान्सिस्कोच्या टूल बॉक्स बारचा मोठा फोटो होता, भिंतीवर चक आर्नेटने रंगवलेले धिप्पाड पुरुष, पुढे चामड्याची जाकिटं घातलेली खरी माणसं. लाखो घरांत तो अंक गेला. इशारा म्हणून छापलेला फोटो किती जणांनी पत्ता म्हणून वाचला असेल?

त्यामुळे ‘अर्थ काढून टाकला’ आणि ‘अर्थ पोचवला’ ही दोन्ही वाक्यं मला एकाच प्रकरणात लिहावी लागतायत, आणि ती एकमेकांना खोडत नाहीत हे दाखवायला अजून नीट जमलेलं नाही. सध्या मी क्रियापदं बदलतोय. ‘चोरलं’च्या जागी प्रत्येक ठिकाणी विचारतो : इथे काय गळालं, कुणाच्या हातून, आणि तरी काय शिल्लक राहिलं? रिपनच्या बाबतीत थोडं गळालं. जॉर्डनच्या बाबतीत जवळजवळ सगळं. शालामेच्या बाबतीत नावसुद्धा, पण ते नाव लोकांनी दोन दिवसांत परत चिकटवलं. व्हर्साचीवर अजून पाच पानं लिहायची आहेत. पंचाईत अशी की मला मिळालेले बहुतेक फोटो समोरून घेतलेले आहेत, आणि हार्नेसचं निम्मं काम पाठीवर असतं.

सुधारलेला मसुदा सोमवारी मॅडमकडे गेलाय. चाळीस पानांत ‘आमचं’ हा शब्द आता एकदाच येतो, साताऱ्याच्या त्या रात्रीच्या परिच्छेदात. तिथे लाल रेघ आली तर भांडायचं ठरवलंय.